१२,३४,५६,७८९ चे अवयव पाडताना या चुका टाळा

एक ते नऊ अंक ओळीने लिहिले की ही संख्या तयार होते. दिसायला सरळ, पण अवयव पाडायला बसलं की भलेभले घसरतात.

अंकांची बेरीज ४५. तिला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो, इथवर ठीक. पण ४५ ला ५ नेही भाग जातो, म्हणून संख्येलाही जाईल असं समजू नका. एकक स्थानी ९ आहे, विषय संपला. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच.

पुढची चूक खास आपली. ७, ११ आणि १३ एकदम तपासायची एक युक्ती आहे: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने वजा-अधिक करायचे. ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता फक्त ४५६ ला भागा. बाकी अनुक्रमे १, ५ आणि १ उरते, म्हणजे तिघांनीही भाग जात नाही. हे जमतं कारण ७ × ११ × १३ = १००१. पण आपला हात स्वल्पविराम देतो हजार, लाख, कोटीवर. तेच गट धरले तर ७८९ − ५६ + ३४ − १२ = ७५५, आणि ७ ने भागल्यावर बाकी ६. साफ चूक! स्वल्पविराम आधी पुसा.

९ ने भागल्यावर उरतात १,३७,१७,४२१. इथे बरेच जण ९७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघतात, भाग जात नाही, आणि ‘मूळ संख्या’ लिहून मोकळे होतात. थांबायचं ते वर्गमूळाशी, आणि ते आहे ३७०३ च्या जरा पुढे. पहिला अवयव सापडतो थेट ३६०७ वर, जी ५०४ वी मूळ संख्या आहे! एकेक भागाकार करत कोण बसणार?

त्यापेक्षा सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची वाट धरा: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची, म्हणजे a² − b² = (a − b)(a + b) ने अवयव मिळतात. वर्गमूळाच्या लगेच पुढची संख्या ३७०४. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा केली की २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही. ३७०५ घेतली तर ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. मग अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. दोन पायऱ्यांत काम फत्ते. अर्थात दोन्ही अवयव शेजारी-शेजारी होते म्हणून. लांब असते तर हीच पद्धत रडवते.

विभाजक मोजताना ३ दोनदा आलाय हे विसरू नका. त्याचे पर्याय तीन (१, ३, ९), बाकी दोन अवयवांचे दोन-दोन (घ्या किंवा सोडा): ३ × २ × २ = १२, आठ नव्हे.

संख्येचा वर्ग एक्सेलमध्ये काढलात तर शेवट ५०० असा दिसेल, कारण तिथे पंधराच अंक टिकतात. विषम संख्येचा वर्ग सम कसा असेल? पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करून बघा: १५२४१५७८७५०१९०५२१.