गर्भपाताच्या प्रश्नावर मत देण्याआधी: ओहायोतून, नव्याने नागरिक झालेल्या मैत्रिणींसाठी

2023च्या 7 नोव्हेंबरला कोलंबसमधल्या एका मतदानकेंद्रावर मी कामाला होते. सकाळी साडेसहाला दार उघडलं आणि पहिल्या तासाभरात तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "ऑगस्टमध्ये ‘इश्यू वन’ला ‘नाही’ म्हटलं होतं. आताही ‘नाही’च ना?" त्यातली एक तर मराठीतून विचारत होती. मला उत्तर देता येईना. केंद्रावर बसलेल्या माणसाने मजकुराचा अर्थ सांगायचा नसतो. "सावकाश वाचा, घाई नाही," एवढंच म्हणाले आणि दिवसभर ते मनाला लागून राहिलं.

झालं होतं असं. 8 ऑगस्टचा ‘इश्यू वन’, म्हणजे मतपत्रिकेवरचा पहिला प्रस्ताव, ओहायोची राज्यघटना बदलायला लागणारी मतं निम्म्याहून जास्तऐवजी 60 टक्के करायला निघाला होता. गर्भपाताचा हक्क हवा असणाऱ्यांचं उत्तर तिथे ‘नाही’ होतं, आणि सुमारे 57 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. नोव्हेंबरचा ‘इश्यू वन’ म्हणजे खुद्द त्या हक्काची घटनादुरुस्ती. तिथे तोच हक्क हवा असेल तर ‘हो’. नाव तेच, उत्तर उलटं. कॅन्ससमध्येही 2022च्या ऑगस्टमध्ये ‘हो’ म्हणजे त्या राज्याच्या घटनेतलं गर्भपाताच्या हक्काचं संरक्षण काढा, असा अर्थ होता.

म्हणून मतदानाच्या निदान दोन आठवडे आधी आपल्या काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या साइटवरून नमुना मतपत्रिका उतरवून घ्या. त्यावर असतो तो बहुतेक वेळा गोषवारा. मूळ दुरुस्तीचा पूर्ण मजकूर वेगळा शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आमच्या नोव्हेंबरच्या मूळ मजकुरात ‘गर्भ’ असा शब्द होता, गोषवाऱ्यात त्याचं ‘न जन्मलेलं मूल’ झालं. मूळ मजकुरात गर्भनिरोधन, वंध्यत्वावरचे उपचार आणि आपोआप झालेल्या गर्भपातानंतरची काळजी हेही होतं. गर्भ बाहेर जगू शकेल त्या टप्प्यानंतर राज्याला बंदी घालायची मुभाही होती, बाईच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका नसेल तर. वाचून झालं की एका कागदावर मराठीत दोन ओळी लिहा: ‘हो’ म्हटलं तर उद्या काय बदलेल, ‘नाही’ म्हटलं तर काय तसंच राहील. मी हा कागद पर्समध्ये घेऊन जाते.

मराठीत लिहायचं म्हटलं की आपली एक अडचण समोर येते. आपोआप पडलं तरी आपण ‘गर्भपात’ म्हणतो आणि करून घेतला तरी ‘गर्भपात’च. दवाखान्यात दोन्हींना ‘क्युरेटिंग’. माझं 2004 साली झालं, अकराव्या आठवड्यात. ठोके थांबले होते, डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पिशवी साफ केली. तेव्हा कायद्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. 24 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा 1973चा ‘रो’ निकाल रद्द केला आणि आमच्याकडे ठोके ऐकू येऊ लागले की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, बंदीचा कायदा लागू झाला. तो काही महिन्यांत कोर्टाने थोपवला. पण तेव्हापासून कुठलाही मसुदा वाचताना मी आधी हे बघते की यात माझ्यासारखीचं काय होईल. तुम्हीही ‘गर्भपात’ शब्दापुढे कंसात लिहा, ‘आपोआप’ की ‘करून घेतलेला’. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरी अडचण आपल्या आठवणीची. माझी एक मैत्रीण बीडची. तिथे 2011च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी बघत ती मोठी झाली. ती मला म्हणाली, "आमच्याकडे मुली पाडल्या गं. मी ‘हो’ कशी म्हणू?" तिला उडवून लावायचं माझ्या मनातही आलं नाही. पण आम्ही दोघींनी बसून एक फरक केला. भारतात 1971पासून गर्भपात कायद्याने करता येतो. 1994च्या कायद्याने बंदी आणली ती लिंग तपासण्यावर. मुलगी नको म्हणणारं घर बाईवर निर्णय लादतं. इथल्या मतपत्रिकेवर प्रश्न होता निर्णय बाईचा की राज्याचा, हा. ती अखेर काय करून आली मी विचारलं नाही. मी ‘हो’ म्हटलं.

आता महत्त्वाचं. मराठीत मनातल्यालाही ‘मत’ म्हणतात आणि पेटीत टाकतो त्यालाही ‘मत’. या प्रश्नावर ही दोन एक धरू नका. स्वतःला तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. माझ्यावर वेळ आली तर मी काय करीन? दुसरीने काय करावं हे कायद्याने ठरवावं का? आणि उमेदवार निवडताना हा विषय माझ्या यादीत कितवा? माझी ऑफिसातली एक सहकारी कडक कॅथलिक आहे. स्वतःसाठी तिचं उत्तर ठाम ‘कधीच नाही’, कायद्यासाठी मात्र ती बराच वेळ घुटमळली. तिसऱ्या प्रश्नाला तर तिने किराणा आणि घराचा हप्ता वर ठेवला. तिच्यात विसंगती दिसत असेल, मला दिसत नाही.

हे तीन प्रश्न हाताशी असले की बातम्याही नीट वाचता येतात. 5 नोव्हेंबर 2024ला दहा राज्यांत गर्भपाताचा प्रश्न मतपत्रिकेवर होता. ॲरिझोना, मिसुरी, मोंटाना इथे हक्काच्या बाजूने कौल गेला आणि त्याच मतपत्रिकेवर रिपब्लिकन ट्रम्पही जिंकले. फ्लोरिडात 57 टक्के मिळूनही प्रस्ताव पडला, कारण तिथे 60 लागतात. हक्कासाठी वेगळा रकाना मिळाला की अनेकजणी उमेदवाराच्या रकान्यात दुसराच हिशेब मांडतात, असं मला वाटतं.

"बायका गर्भपातामुळे डेमोक्रॅट" असं कुणी म्हणालं तर थांबवा. 1980पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत बायका पुरुषांपेक्षा डेमोक्रॅटांकडे अधिक झुकल्या आहेत, हे खरं. पण गर्भपातावर बायका आणि पुरुष यांच्यात दरी फार नाही. प्यू या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या 2024च्या पाहणीत सर्व किंवा बहुतेक प्रसंगी तो कायदेशीर असावा म्हणणाऱ्या बायका 64 टक्के, पुरुष 61. खरी फूट धर्माची आणि पक्षाची: गोऱ्या इव्हँजेलिकलांमध्ये, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमध्ये, जवळपास तीन चतुर्थांश लोक विरोधात आहेत. 2024च्या एक्झिट पोलमध्ये एकूण 53 टक्के बायका डेमोक्रॅट उमेदवार हॅरिसकडे, आणि गोऱ्या बायकांपैकी 53 टक्के ट्रम्पकडे. तेव्हा ‘बायकांची मतं’ असा मथळा दिसला की विचारा: कुठल्या बायका, आणि कोणतं मत?

शेवटी घरातलं. आपल्या घरांमध्ये टपाली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर येतात आणि नवरा दोन्ही भरतो, बायको सही करते. कुणी जबरदस्ती करत नाही, सवय असते. कृपा करून हे करू नका. आपली मतपत्रिका आपल्या खोलीत नेऊन भरा किंवा सरळ केंद्रावर जा. ओहायोत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, अमेरिकन पासपोर्ट चालतो. नोंदणी 30 दिवस आधी झालेली हवी.

घरात इंग्रजी न वाचता येणारी सासू किंवा आई नागरिक असेल तर तिला मदतीला आपल्या विश्वासाचं माणूस आत नेता येतं. मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी मात्र चालत नाही. मी सासूबाईंना लवकर मतदानाच्या केंद्रावर घेऊन गेले. एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवला, दोन्ही बाजू सारख्याच आवाजात. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग बोट ठेवलं. मदत करणाऱ्याने आत पाहिलेलं बाहेर सांगायचं नसतं. त्यांनी काय निवडलं, हे मी त्यांच्या मुलालाही सांगितलेलं नाही.