युद्धातील लैंगिक अत्याचार: कोर्टात टिकेल अशी नोंद

पीडित व्यक्तीचा जबाब आधी कोणी घेतला आहे का, हे सर्वात आधी विचारा. घेतला असेल तर पुन्हा घेऊ नका. तीन संस्थांना दिलेल्या तीन जबाबांत गणवेशाचा रंग किंवा माणसांची संख्या जराशी बदलली, तरी बचाव पक्ष तिथेच पाचर मारतो. ठिकाण, अंदाजे तारीख, संपर्क टिपा. सविस्तर जबाब प्रशिक्षित तपासकावर सोडा.

उपचार पुराव्याच्या आधी. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी 120 तासांच्या आत. कपडे वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. पिशवी कोणी, केव्हा, कोणाकडे दिली याची सहीनिशी नोंद हवी. वैद्यकीय पुरावा नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका: आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या नियम 63 नुसार अशा गुन्ह्यांत साक्षीला दुजोरा असलाच पाहिजे असं नाही.

माहिती साठवणं, दुसऱ्या संस्थेला देणं, कोर्टाला देणं, या तिन्हींची संमती वेगवेगळी घ्या. ‘कोणालाही कळणार नाही’ असं वचन देऊ नका. खटल्यात जबाब आरोपीच्या वकिलापर्यंत जाऊ शकतो.

खरी अडचण पुढे येते. अत्याचार झाला हे सिद्ध होतं, पण धागा अधिकाऱ्यापर्यंत पोचत नाही. काँगोचे नेते ज्याँ-पिएर बेम्बा 2016 मध्ये आपल्या सैनिकांच्या गुन्ह्यांसाठी सेनापती म्हणून दोषी ठरले, पण 2018 मध्ये अपिलात सुटले. गुन्हे रोखायला त्यांनी आवश्यक पावलं उचलली नाहीत, हा निष्कर्ष तिथे टिकला नाही. म्हणून बिल्ला, गाडीवरची खूण, बोलली गेलेली भाषा, रेडिओवर घेतलेली नावं, कोण कोणाला ‘साहेब’ म्हणत होतं, हे सगळं लिहा. वरिष्ठांकडे तक्रार गेली असेल तर पोच मिळाल्याची तारीख शोधा, आणि त्यानंतर चौकशी, बदली, शिक्षा यांपैकी काही झालं का, तेही. हे कागद जबाबांइतकेच मोलाचे, आणि सहसा कोणी गोळाच करत नाही.

खून-लुटीची नोंद घेतानाही ‘आणखी काही घडलं का?’ एवढं मोकळं विचारा, उत्तर सुचवू नका. रवांडातील नरसंहाराबद्दल ज्याँ-पॉल अकायेसू या महापौरावर चाललेल्या खटल्यात मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. साक्षीत तो निघाला, 1997 मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि 1998 मध्ये बलात्कार नरसंहाराचं कृत्य ठरला.