नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचा अभ्यास: आधी सनद, मग प्रवचन

अमेरिकेतील कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांच्या इतिहासाकडे येणारे बहुतेक विद्यार्थी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापासून सुरुवात करतात. मीही त्याच वाटेने आलो. परंतु नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची, म्हणजे या प्रोटेस्टंट पंथातील कृष्णवर्णीय मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) राष्ट्रीय संघाची, घडण मला उमगू लागली ती प्रवचने बाजूला ठेवून संस्थेची घटना, सनदा आणि वार्षिक अधिवेशनांची इतिवृत्ते वाचायला घेतल्यावर. नव्या अभ्यासकाने हाच क्रम धरावा, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातील वाचकाने एक फरक आधीच लक्षात घ्यावा. 1970 साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये काही बॅप्टिस्ट मंडळ्याही सामील झाल्या, पण तेथे बिशप आहेत, सिनॉड म्हणजे सर्वोच्च धर्मसभा आहे. अमेरिकेतील कन्व्हेन्शनला असा अधिकार नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक (धर्मगुरू) स्वतः निवडते, आपली इमारत व पैसा स्वतः सांभाळते आणि अधिवेशनाला प्रतिनिधी व वर्गणी पाठवते तीही स्वेच्छेने. त्यामुळे मुख्यालयाचे आदेश शोधत बसण्यात अर्थ नाही. खरी सत्ता मिशन, शिक्षण, प्रकाशन अशी कामे पाहणाऱ्या मंडळांच्या हाती असते, आणि ती मंडळे कोणाच्या मालकीची हा प्रश्न या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहतो.

सप्टेंबर 1895 मध्ये अटलांटा येथे तीन संघटना एकत्र येऊन हे कन्व्हेन्शन उभे राहिले: 1880 ची परदेशी मिशनची, 1886 ची राष्ट्रीय आणि 1893 ची शिक्षणविषयक. आर्कान्सातील ई. सी. मॉरिस पहिले अध्यक्ष झाले आणि 1922 पर्यंत त्या पदावर राहिले. दोनच वर्षांत, 1897 मध्ये, परदेशी मिशनच्या कारभारावरून एक गट बाहेर पडला आणि त्याने लायबेरियात गेलेले कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मिशनरी लॉट कॅरी यांच्या नावाने वेगळे मिशन काढले.

सर्वांत बारकाईने वाचावे ते आर. एच. बॉइड यांचे प्रकरण. गुलामगिरीत जन्मलेल्या या माणसाने 1896 पासून नॅशव्हिल येथे प्रकाशन मंडळ उभारले, जेणेकरून कृष्णवर्णीय मुलांच्या रविवार-शाळांना गोऱ्यांच्या छापखान्यांवर अवलंबून राहावे लागू नये. मात्र मंडळाची सनद स्वतंत्र होती, आणि ते कन्व्हेन्शनचे की बॉइड यांचे, हा वाद 1915 मध्ये फुटीपर्यंत गेला. प्रकाशन मंडळ बॉइड यांच्याकडेच राहिले. त्यांची बाजू नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ऑफ अमेरिका झाली, तर दुसऱ्या बाजूने रीतसर कायदेशीर नोंदणी करून घेतली. गंमत अशी की त्याच प्रकाशन मंडळाशी असलेल्या संबंधावरून बॉइड यांच्या बाजूचे कन्व्हेन्शन 1988 मध्ये पुन्हा फुटले.

1961 ची फूट सहसा नागरी हक्कांच्या लढ्यावरून झालेली म्हणून सांगितली जाते. ते खरे आहे, पण अपुरे. जे. एच. जॅक्सन 1953 पासून नोंदणीकृत कन्व्हेन्शनचे अध्यक्ष होते आणि अध्यक्षाच्या कार्यकाळावर मर्यादा असावी की नाही, हा वाद त्यांच्या काळात न्यायालयापर्यंत पोहोचला होता. ब्रुकलिनचे पाळक गार्डनर टेलर यांना अध्यक्षपदावर आणण्याचा प्रयत्न फसल्यावर सिनसिनाटी येथे प्रोग्रेसिव्ह नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन झाले. किंग त्या बाजूला होते.

पुरुषांच्या भाषणांवरच थांबणाऱ्याच्या हातून निम्मी संस्था सुटते. 1900 मध्ये रिचमंड येथे महिला कन्व्हेन्शन सुरू झाले; त्याच्या कार्यवाह नॅनी हेलन बरोज यांनी 1909 मध्ये वॉशिंग्टन येथे मुलींसाठी प्रशिक्षणशाळा काढली. त्यांचे अहवाल मला अध्यक्षीय भाषणांपेक्षा अधिक बोलके वाटतात, कारण निधी कसा उभारायचा आणि तो कशावर खर्च करायचा, याची चर्चा त्यांत उघडपणे येते.

मूळ कागदपत्रांसाठी अटलांटा येथील अमेरिकन बॅप्टिस्ट हिस्टॉरिकल सोसायटीचा संग्रह उपयुक्त आहे. ग्रंथसूचीत शोधताना ही सारखी दिसणारी नावे हमखास घोटाळा करतात. म्हणून 1915 नंतरचे कोणतेही इतिवृत्त हाती आले की मुखपृष्ठावर नोंदणीदर्शक 'इनकॉर्पोरेटेड' आहे की नाही आणि अध्यक्ष म्हणून कोणाचे नाव छापले आहे, हे पाहूनच टिपण सुरू करावे.