धाग्यात उतरणारे बोधचिन्ह

उपयोजित कलेचे शिक्षण संपवून मी सोलापुरात काम सुरू केले, तेव्हा हाती आलेले पहिले मोठे काम औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या बोधचिन्हाचे होते. महिनाभर खपून मी कमळाची आकृती तयार केली. पाकळ्यांच्या कडा केसासारख्या बारीक होत्या, आतला रंग गडद निळ्यापासून आकाशीपर्यंत फिका होत जाणारा होता आणि खाली लपेटेदार अक्षरांत कारखान्याचे नाव होते. संगणकाच्या पडद्यावर मालकांना ती पसंत पडली, टॉवेलच्या टोकाला ती विणून घ्यायची असे ठरले आणि मी जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, काम पाहणाऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांनी छापील प्रत आलेखाच्या कागदाशेजारी ठेवली, एका पाकळीच्या कडेवर पेन्सिलीचे टोक टेकवले आणि विचारले, ‘‘ताई, ही रेघ एका धाग्यापेक्षा बारीक आहे की ओ, ती विणू कशी?’’

त्या दिवशी मास्तरांनी जे समजावून दिले, ते मला चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठे भेटले नव्हते. आलेखावरचा एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. तिथे उभा धागा वर तरी राहतो किंवा खाली तरी जातो. अर्धवट वर राहत नाही. त्यामुळे हळूहळू फिका होत जाणारा रंग मागावर जसाच्या तसा उतरत नाही. टॉवेलवर तर धाग्याचे फासे उभे असतात आणि ते थोडे इकडेतिकडे कलतात, म्हणून कागदावर धारदार दिसणारी कड प्रत्यक्षात मऊ होते आणि दोन आकारांमधली अरुंद फट पार बुजून जाते. शिवाय दोन रंगांच्या अशा विणीत पुढून पांढऱ्यावर निळी दिसणारी आकृती मागून निळ्यावर पांढरी आणि उलटी दिसते. म्हणजे चिन्ह डावी-उजवीकडे सारखे असेल तर मागची बाजूही नीट दिसते, आणि अक्षरे असतील तर ती मागून आरशात पाहिल्यासारखी होतात. मी तीन दिवस तिथेच बसून आकृती पुन्हा काढली. सात पाकळ्यांच्या पाच केल्या, पाकळ्यांमधल्या फटी रुंद केल्या, रंग एकच ठेवला आणि नाव चिन्हापासून सोडवून काठाच्या सपाट पट्टीत नेले. तेच चिन्ह पुढे खोक्यावरच्या स्क्रीन प्रिंटिंगला, बिलावरच्या रबरी शिक्क्याला आणि मोबाइलवरच्या नखाएवढ्या गोल चौकटीला काहीही न बदलता चालले.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना म्हणून माझे पहिले सांगणे हेच असते, की चिन्ह कशावर बसणार आहे ते आधी हातात घेऊन बघा आणि मगच पेन्सिल उचला. सोलापुरात हे विशेष खरे आहे, कारण इथली बोधचिन्हे चादरीवर, टॉवेलवर, गणवेशाच्या खिशावर, शेंगा चटणीच्या पाकिटावर आणि डाळिंबाच्या खोक्यावर जातात. गणवेशावर भरतकाम असते, तिथे सुईच्या टाक्याला स्वतःची जाडी असते. चटणीच्या पाकिटाला तेलाचा हात लागतो. डाळिंबाच्या खोक्यावर जाड कागदावर शाई पसरते. या प्रत्येक ठिकाणची सर्वांत बारीक रेघ किती जाडीची निघते, हे त्या त्या कारागिराला विचारून वहीत लिहून ठेवावे. माझ्या वहीतली अशी पाने मला कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडली आहेत.

स्टेट बँकेचे बोधचिन्ह मला या दृष्टीने आजही आदर्श वाटते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी ते १९७१ मध्ये केले. निळे वर्तुळ, मध्ये एक छोटे वर्तुळ आणि तिथून खाली जाणारी सरळ फट, इतकाच त्याचा ऐवज आहे. तालुक्याच्या गावातला पाटी रंगवणारा पेंटरसुद्धा दोरी, खिळा आणि पट्टी घेऊन ते बिनचूक काढू शकतो. कुणाला त्यात कुलपाची चावी घालण्याची जागा दिसते, कुणी अहमदाबादच्या कांकरिया तलावाशी त्याचा संबंध जोडतो, आणि यातले काहीच ठाऊक नसलेला माणूसही दुरून ते ओळखून शाखेत शिरतो. बोधचिन्हाने धंद्याची सगळी कहाणी सांगावी, ही अपेक्षा मला म्हणूनच पटत नाही. आपल्याकडे अनेक ग्राहकांना एकाच चिन्हात सिद्धेश्वराचे मंदिर, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, माग आणि आजोबांची आद्याक्षरे असे सारे हवे असते. त्यामागची माया मला समजते, कारण मीही याच गावची आहे, पण चार गोष्टी एकत्र आल्या की पाहणाऱ्याला एकही आठवत नाही. अशा वेळी मी ग्राहकाशी वाद घालत नाही. त्यांना हवे तसे भरगच्च आणि मी काढलेले साधे, अशी दोन्ही चिन्हे सुपारीएवढी छापून टेबलावर ठेवते आणि त्यांना चार पावले मागे जाऊन पाहायला सांगते. बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो.

अक्षरांचा विषय मात्र मला सविस्तर मांडायचा आहे, कारण नवे विद्यार्थी सर्वाधिक निष्काळजीपणा तिथेच करतात. इंग्रजी नावासाठी शंभर फॉन्ट चाळणारा विद्यार्थी मराठी नावासाठी यादीतला पहिला फॉन्ट उचलतो. सोलापूर या शब्दातला ‘ल’ आणि शेंगा या शब्दातला ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतल्या प्रचलित वळणांपेक्षा वेगळी आहेत. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यातही हीच रूपे धरली आहेत. अनेक फॉन्टमध्ये ही रूपे आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत, म्हणून ती मुद्दाम शोधावी लागतात. ज्या पाटीवर परका ल बसलेला असतो, ती पाटी वाचता येते, पण आपल्या माणसाच्या डोळ्याला ती कुठेतरी खटकतेच. मंगल या फॉन्टचे निर्माते र. कृ. जोशी यांनी देवनागरीसाठी किंवा कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांसाठी जे काम केले, ते समोर ठेवून रोज एक अक्षर हाताने काढण्याचा सराव करावा, असे मी आग्रहाने सांगते.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. इथे मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि उर्दू वाचणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यामुळे एकच नाव दोन-तीन लिप्यांत लिहिण्याचे काम वारंवार येते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, तेलुगू आणि कन्नड अक्षरे गोलाईवर उभी राहतात आणि उर्दू उजवीकडून डावीकडे उतरत जाते. यांची उंची पट्टीने सारखी करून भागत नाही. डोळे किलकिले करून पाहिल्यावर प्रत्येक ओळीचा काळेपणा सारखा वाटला पाहिजे. एक टाइप या संस्थेचे बलू हे अक्षरकुटुंब अभ्यासासाठी चांगले आहे, कारण त्यात अनेक भारतीय लिप्यांना एकच स्वभाव दिलेला आहे. दुकानाची पाटी असेल तर मराठी देवनागरी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान असून चालत नाही, हा कायद्याचा भागही आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावा.

एकदा माझ्याकडून फाईल घाईने गेली आणि अक्षरे कर्व्ह करायची, म्हणजे फॉन्टवर अवलंबून न राहणाऱ्या आकृतीत बदलायची, राहून गेली. छापखान्यातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, नावातल्या वेलांट्या आणि जोडाक्षरे सुटी झाली आणि दोन हजार पाकिटे तशीच छापली गेली. तो खर्च मी भरला. तेव्हापासून प्रत्येक फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मी पाठवत नाही.

मोबदल्याच्या बोलणीत नायकी (Nike) या बुटांच्या कंपनीच्या चिन्हाचा दाखला हमखास निघतो. कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ते १९७१ मध्ये केले आणि तिला ३५ डॉलर मिळाले, हे खरे आहे. पुढे १९८३ मध्ये कंपनीने तिला समभाग दिले, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या चिन्हाला जे वजन आले, ते कंपनीने वर्षानुवर्षे ते न बदलता वापरले म्हणून आले. उलट गॅप या कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये आपले ओळखीचे चिन्ह बदलले आणि आठवडाभराच्या आत ते मागे घ्यावे लागले. जुन्या चादरवाल्या घराण्यातला तरुण मालक जेव्हा सगळेच नवे करा म्हणतो, तेव्हा मी आधी आजोबांच्या काळातली चादर, तिचे लेबल आणि जुनी बिले मागवते, कारण गिऱ्हाईक ज्या लाल पट्टीवरून किंवा ज्या अक्षरवळणावरून माल ओळखते, तिला हात लावणे म्हणजे वडिलोपार्जित पुंजी मोडणे होय.

नावाबाबतही एक सावधगिरी हवी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते इथल्या उत्पादकांचे सामाईक आहे, त्यामुळे ‘सोलापूर’ हाच शब्द सर्वांत ठळक करून वेगळी ओळख उभी राहत नाही. आपला शब्द आणि आपली खूण ठळक असावी, गावाचे नाव त्याला जोडून यावे. व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) नोंदणीत चादरी-टॉवेलसाठी वर्ग २४ आहे. त्या वर्गात तसेच चिन्ह आधी नोंदलेले आहे का, हे आराखडा दाखवण्यापूर्वी शोधून घ्यावे. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण होते. आपल्या बाजूने प्रताधिकाराचे (कॉपीराइटचे) हस्तांतरण लेखी करावे आणि ते शेवटचा हप्ता मिळाल्यावर करावे.

शिक्षणाचे मार्ग आता बरेच आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेत असतानाच द्याव्यात, पुढे उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिला आठवडा संगणकाला हात लावू देत नाही. सकाळी वही घेऊन त्यांना नवी पेठ आणि चाटी गल्लीत पाठवते, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांवरचे ल आणि श उतरवून आणायला सांगते, आणि संध्याकाळी त्यातली दोन अक्षरे मोठी करून आम्ही भिंतीवर लावतो.