डिजिटल चित्रकारांसाठी वेबसाइट उभारायची तर

होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, नंतर बघू, आधी चित्रं काढणारी पंधरा-वीस माणसं जमवा. रिकाम्या साइटवर पहिलं चित्र टाकायला कोणी धजत नाही. मी बडोद्यात दांडिया बाजारात बसून मराठी-गुजराती चित्रकारांची अशी साइट चालवते, तिचं मूळ एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आहे. तिथे चित्र टाकलं की ते दाबून लहान होतं आणि संध्याकाळपर्यंत शुभप्रभातांच्या ढिगाखाली जातं. ज्यांना ही कटकट खरोखर जाचते, तेच तुमचे पहिले सभासद.

सॉफ्टवेअर तयारच घ्या. डिस्कोर्स हे चर्चा-मंचाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला स्वतःचा सर्व्हर लागतो, किमान १ जीबी रॅमचा. २ असली तर बरी. शेअर्ड होस्टिंगच (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) परवडत असेल तर पीएचपी भाषेवर चालणारं, तशाच कामाचं फ्लॅरम बघा. लॉगिनची यंत्रणा स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, हात कितीही शिवशिवले तरी. डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करा (ईमेल खरंच तुमच्याकडून आली याची ती खूण), नाहीतर नोंदणीच्या ईमेल स्पॅममध्ये जातात आणि लोकांना वाटतं साइट बंद पडली. साइटची भाषा हिंदी नाही, मराठी अशीच नोंदवा. काही फॉन्ट त्यावरूनच आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात.

आता रंग, कारण चित्रकार साइट सोडून जातो तो इथे. आयपॅडवर काढलेलं चित्र बरेचदा डिस्प्ले पी-थ्री या जास्त भडक रंग मावणाऱ्या रंगपटात असतं आणि त्याची खूण, म्हणजे कलर प्रोफाइल, फाइलमध्येच असते. चित्र लहान करताना साइटने ती खूण पुसली की ब्राउझर ते साधं एसआरजीबी (वेबचा नेहमीचा, लहान रंगपट) समजतो, आणि चणियाचोळीचा लालभडक रंग चार धुण्यांत विटल्यासारखा दिसतो. पण फाइलमधली बाकीची माहिती पुसावी तर लागतेच. वहीतल्या रेखाटनाचा मोबाइलने काढलेला फोटो कधीकधी तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश सोबत घेऊन फिरतो! सर्व्हरवर चित्रं लहान-मोठी करणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रॅमची ‘स्ट्रिप’ आज्ञा रंगाची खूण आणि बाकीची माहिती दोन्ही एकदम पुसते, म्हणून क्रम सांभाळा: आधी चित्र सरळ करा (फोटो आडवा की उभा हेही त्याच माहितीत असतं), मग एसआरजीबीत न्या, मगच पुसा. यादीत दिसायला वेबपी प्रकारची छोटी प्रत पुरते. उघडल्यावर मोठी बाजू २०४८ पिक्सेल ठेवा. पिक्सेल आर्टवाल्यांना (ठिपका-ठिपका जोडून चित्र काढणाऱ्यांना) मात्र पीएनजी जसंच्या तसं ठेवायची मुभा द्या, जेपेगमध्ये त्यांच्या कडा माखतात.

आमच्या गावात १९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, त्यामुळे चित्रावर तासभर वाद घालणारी माणसं चहाच्या टपरीवरही भेटतात. पण समोरासमोर ऐकलेलं ‘हा हात लाकडाचा वाटतोय’ लिहून आलं की बोचतं. म्हणून चित्र टाकतानाच विचारा: नुसतं दाखवायचंय, की चुका सांगायच्या? दुसऱ्याच्या चित्रावर रेघा मारून दुरुस्ती दाखवायची परवानगी वेगळी घ्या. नवशिके आणि अनुभवी असे कप्पे करू नका. नवशिक्यांच्या कप्प्यात मग कोणीच फिरकत नाही.

एआयने बनवलेली चित्रं चालतील की नाही, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाका. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशन या चित्रकारांच्या साइटवर चित्रकारांनी एआय-चित्रांच्या निषेधाच्या चित्रांनी पानं भरून टाकली होती, तेव्हा हा विषय ‘पुढे बघू’ म्हणून सुटत नाही. साइटवरून चित्रं गोळा करत फिरणाऱ्या बॉटना, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमना, रोबॉट्स फाइलमधून ‘इथे येऊ नका’ सांगता येतं, पण त्या सूचना सभ्य बॉटच पाळतात. मोठी प्रत फक्त लॉगिन केलेल्यांना दाखवणं जास्त उपयोगी. १९५७ च्या कायद्याने कॉपीराइट सहसा चित्र काढणाऱ्याचाच असतो, तेव्हा तुमच्या अटींमध्ये साइटवर दाखवण्यापुरतीच परवानगी मागा, आणि ती साध्या मराठीत मागा. तक्रार कोणाकडे करायची, ते नाव आणि ईमेलही ठळक द्या.

बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेवर ठेवा आणि एकदा रिकाम्या सर्व्हरवर चढवून बघा. डेटाबेस परत आला आणि चित्रांचं फोल्डर राहून गेलं, तर तो बॅकअप आपल्या काही कामाचा नाही.