गावातून भाड्याच्या सर्व्हरची रेड कशी बदलावी

आर्वीकडच्या आमच्या गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि ती जास्त वेळ गेली की टॉवरही बसतो. सर्व्हर मात्र दूर डेटा सेंटरमध्ये चालूच असतो. म्हणून आपलं कनेक्शन मधेच तुटलं तरी तिकडचं काम अडणार नाही, अशा बेतानं सुरुवात करा.

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकत्र वापरायची पद्धत. समजा ५१२ जीबीच्या दोन डिस्कवर रेड ० आहे. जागा १ टीबी मिळते, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड १ मध्ये जागा निम्मी, पण दोन्हीकडे तीच प्रत. शेतकरी गटाच्या कापूस खरेदीचा हिशेब ठेवायचा, तर मी रेड १ च घेईन.

रेड बदलताना डिस्क पुसल्या जातात, त्यामुळे आधी बॅकअप. तो गावातल्या लॅपटॉपवर उतरवू नका: सलग ५ एमबीपीएस मिळाले तरी १०० जीबीला ४४ तास लागतात. दुसरा सर्व्हर किंवा स्टोरेज थोड्या दिवसांसाठी घ्या आणि आरसिंकनं (फायली कॉपी करणारी कमांड) थेट तिकडे पाठवा. डेटाबेसचा डंप (त्यातला सगळा डेटा फाइलमध्ये) वेगळा काढा. तो दुसरीकडे उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सगळं सर्व्हरवर टीमक्समध्येच (टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा. कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू राहतं. परत लॉगिन करून टीमक्स अटॅच केलं की तोच पडदा समोर येतो.

मग कंपनीच्या पॅनेलमधून रेस्क्यू मोड (डिस्कवरच्या सिस्टमऐवजी कंपनीची तात्पुरती सिस्टम) लावून रीबूट. लॉगिन करताना होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) बदलल्याचा इशारा येईल. रेस्क्यूची की वेगळी असते, म्हणून पॅनेलवर फिंगरप्रिंट (त्या कीची छोटी खूण) दिला असेल तर जुळवून घ्या. इथेही पहिलं काम टीमक्स. एलएसबीएलके या कमांडनं डिस्कची नावं तपासा. बऱ्याच कंपन्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये रेडची पातळी विचारतात, तिथे १ द्या. स्क्रिप्ट नसेल तर एमडीएडीएमनं (लिनक्समधली रेड सांभाळणारी कमांड) जुना अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) थांबवा, सुपरब्लॉक (डिस्कवरची रेडची नोंद) पुसा, नवा बनवा. ग्रब (मशीन सुरू करणारा बूटलोडर) दोन्ही डिस्कवर हवा, नाहीतर पहिली गेल्यावर डेटा शाबूत राहूनही मशीन उठणार नाही.

रीसिंक, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या करणं, हे काम कर्नल (सिस्टमचा गाभा) करतो, तुम्ही लॉगआउट झालात तरी चालतं. प्रगती एमडीस्टॅट या फाइलमध्ये दिसते: दोन 'यू' म्हणजे दोन्ही डिस्क हजर, एकाच्या जागी अधोरेषा म्हणजे एक गायब.

बॅकअप परत आणल्यावर एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये स्वतःचा मेल टाका आणि चाचणीचा मेल पाठवून पाहा. रेड १ मधली एक डिस्क गेली तरी सर्व्हर नेहमीसारखाच चालतो. मेल आला नाही, तर दुसरी जाईपर्यंत कळत नाही.