नागीण उठल्यावर पायांकडे आणि लघवीकडे लक्ष कसे ठेवावे

मराठवाड्यात नागीण उठली की अजूनही पुष्कळ घरांत आधी मंत्र घालणाऱ्याकडे जातात, फोडांवर काव लावतात आणि नागिणीची दोन्ही टोके जुळली तर माणूस दगावतो, या भीतीने घर धास्तावते. या समजाला आधार नाही. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि पुढे प्रतिकारशक्ती घटली की एका तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो; म्हणूनच फोड सहसा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठतात. क्वचित हाच विषाणू उलट दिशेने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचून तिथे दाह निर्माण करतो, आणि भीती बाळगायचीच तर ती याची बाळगावी.

फोड दिसताच, शक्यतो 72 तासांच्या आत, डॉक्टरांकडून विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्यात.

मज्जारज्जूच्या या दाहाची लक्षणे बहुधा फोड उठल्यानंतर काही दिवसांत ते काही आठवड्यांत दिसतात. नागिणीची आग इतकी असते की पायांतली कमजोरी त्या दुखण्याच्या नावावर खपून जाते, म्हणून रुग्णाला रोज चार पावले चालायला सांगावे. पाय जड पडणे, चालताना पायातली चप्पल निसटणे, मुंग्या किंवा बधिरपणा वर चढत जाणे, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, यांपैकी एकही गोष्ट नव्याने दिसली तर सकाळची वाट पाहू नये. मुले ऊसतोडीला आणि म्हातारी माणसे गावी, अशी स्थिती असेल तर फोनवर नुसते ‘बरं आहे का’ असे न विचारता ‘पाय उचलतात का, लघवी मोकळी झाली का’ हेच विचारावे. एचआयव्ही किंवा कर्करोग असलेल्यांच्या आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या बाबतीत अधिक दक्ष राहावे.

अशा वेळी 108 वर फोन करून अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. तिथे पाठीच्या कण्याचा एमआरआय आणि पाठीतील पाण्याची तपासणी करतात; ‘पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो’ या ऐकीव गोष्टीपायी तिला नकार देऊ नये. उपचारात शिरेतून असायक्लोविर आणि अनेकदा स्टिरॉइड देतात. तोवर फोड सुकले असले तरी ते केव्हा व कुठे उठले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि त्यांचे डाग दाखवावेत, कारण निदानाची दिशा अनेकदा त्यावरूनच मिळते.